डंकावरच्या शिंका

आणि माणसाच्या शिंका मोजायच्या, हे कुठलं शिक्षण रे शशिधर? फळ्यावर लिहून तुम्हा मास्तर लोकांचं हात दुखाय लागलं काय? (चि. शशिधर यास हिराअक्काचा आशीर्वाद. हे आधी लिहायचं असतंय, पण डोकं तापलंय. इकडं सगळी बरी हाईत, तुझं गुडघं कसं हाईत ते कळव. फोन लावला की "वर्गात हाय" म्हणून कापतोस, म्हणून ह्यो कागद.)

तू म्हणलास, पहिल्या वर्षाची पोरं हाईत, नुसतं पुस्तक नको, कुणाची तरी खरी अडचण शोधून ती सोडवायची हाच त्यांचा अभ्यास. आणि चौघांना कळंब्याला माझ्या मिरची कुटायच्या डंकावर धाडलास. मी म्हणलं, मला काय बी अडचण न्हाय, तुमचीच हाय, गिऱ्हाइकाच्या वाटंत उभी हाईसा. तर ती अवंतिका, चष्म्याची पोरगी, सकाळपासनं दुपारपातूर कोपऱ्यात बसून माझ्या शिंका वहीत मांडत बसली. एकशे चौदा! वर म्हणती, "काकू, हीच अडचण हाय की." बावीस वर्षं मिरची कुटतीया मी. शिंक ही अडचण असती हे मला कॉलेजानं सांगायचं?

मग चौघांनी डंकावर पत्र्याचं झाकण बसवलं, जुन्या कूलरचा पंखा जोडला आणि ठसका ओढून न्यायला पाइप लावला. पाइप सोडला खिडकीतनं भाईर. खिडकीपलीकडं शेजारच्या बाळाबाईचा सोपा हाय, पावणं बसवायची जागा, हे कुणी बघायचं? त्याच दिवशी तिच्या पोरीला, पवित्राला बघायला पावणं आलतं. पंखा सुरू झाला आणि अर्ध्या चहात समदं पावणं रडाय लागलं. सासू शिंकती, मामा शिंकतोय, "स्वयंपाक येतो का?" इचारायला एकाला तोंड उघडता येईना. नवरा मुलगा डोळं चोळत परसात पळाला, पवित्रा तांब्या घेऊन मागनं गेली, आणि दोघं तिथं अर्धा तास हसत बसली. जमलं की लग्न! तरी बाळाबाई तणतणत माझ्या दारात. म्हणलं, "जमवून द्यायचं मी काय बी घेतलं न्हाय, गप घरला जा."

आता तुझा तो छापील कागद माझ्यापुढं हाय. 'समाधान झाले' का 'झाले नाही', एकावर खूण करायची. झालं न्हाय म्हणलं तर चौघं नापास, हे तूच सांगून ठेवलास. काल पोरं येऊन दारात उभी हुती, तोंडं अशी की दहाव्याला आल्यात. "काकू, खरं तेच लिवा," म्हणाला त्यातला उंच ऋतुराज. मग खरं तेच लिवलं. 'झाले नाही.' दुसऱ्याच्या सोप्यात पाइप सोडल्यावर माझं कसलं समाधान?

तुझी,
हिराअक्का

ता. क. खूण केली म्हणून चौघांना नापास केलंस तर बघ. काम अर्धं हाय, वाया गेल्यालं न्हाय. शनिवारी त्यांना परत धाड, पाइप छपरावरनं वर न्यायचा हाय. तवर मी त्याच्या तोंडाला पोतं बांधलंय, पण ते तासाला झाडावं लागतंय.

आणखी ता. क. आठ दिवस झालं, एक शिंक न्हाय. परवा चहात आलं घातलंय ते इतक्या वर्षांनी जिभंला कळलं. हे पोरांना सांगू नको, शेफारतील. पण त्यांस्नी किती गुण देणार ते बुधवारच्या आत लिहून कळव. न्हायतर गुरुवारी मी तुझ्या वर्गात पहिल्या बाकावर येऊन बसती.