मामांची कीर्ती आणि म्हातारीची गादी

३ मार्च

तीर्थरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मामा, आधी बसा, मग वाचा! आमच्या चरित्रकोशाकडे तुमच्या नावाची शिफारस आली आहे. कुणी वाचक म्हणतो, आपल्या भागात शर्यतीचे घोडे तयार करावेत तर तुम्हीच. तुम्ही नोंदीच्या लायक आहात का, हे तपासायची फाईल नेमकी माझ्याच टेबलावर! मी नातं लगेच सांगून टाकलं. संपादक म्हणाले, कागद तू गोळा कर, निकाल मी देईन. ते महाखडूस आहेत. तुमच्यावर दोन वेगळ्या माणसांनी लिहिलेले दोन छापील लेख हवेत म्हणे, तेही पंधरा तारखेच्या आत.

एक्केचाळीस शर्यती जिंकल्यात तुम्ही, कात्रणांचा ढीग असेल. सगळी पाठवा. मामींना नमस्कार. घोड्यांना पुरून उरलेला लोभ भाचीवर असू द्या.

तुमची,
चिमणी

७ मार्च

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून मी तबेल्यात अशी उडी मारली की घोडे बिचकले. मग तुझ्या मामीनं मला जमिनीवर आणलं. म्हणाली, कात्रणं कुठून देणार, त्यांवर घोडी झोपली! खरंच गं. आपल्या म्हातारीला, त्या लाल घोडीला, गवताच्या धुळीनं खोकला यायचा. म्हणून बारा वर्षं तिला वर्तमानपत्रं फाडून गादी घालतोय. जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशीचा अंक तर आनंदाच्या भरात सगळ्यात आधी फाडायचो. माझी कीर्ती लिदीबरोबर उकिरड्यावर गेली!

वाचनालयातले जुने अंक चाळले. घोड्याचं नाव आहे, मालकाचं आहे, स्वाराचंही आहे. माझं कुठंच नाही. आजवर याचं काही वाटलं नव्हतं, आता मात्र वाटतंय. आपण होतो, एवढं तरी कुठं लिहिलेलं असावं गं.

माझं कौतुक केलं ते एका जनावरांच्या डॉक्टरनं. वही घेऊन तासभर गादीपाशी बसला होता बिचारा. मामी हसतेय, पण सकाळपासून माळाही धुंडाळतेय.

तुझा,
मामा

१४ मार्च

तीर्थरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

सापडलं! सापडलं! त्या डॉक्टरचं वाचलं आणि मी पशुवैद्यकाची मासिकं उपसली. पठ्ठ्यानं तुमच्या गादीवर चार पानी लेख लिहिलाय, तुमच्या नावानिशी! तो वाचून दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी सहा तबेल्यांत गादी घालून पाहिली आणि तुमचं नाव घेऊन त्यांनीही छापलं. संपादकांनी तीनदा वाचलं आणि सही ठोकली.

पण मामा, नोंद आहे ती कागदी गादीची. एक्केचाळीस शर्यतींचा पुरावा नाही, म्हणून त्यांची एक ओळही नाही. मी खूप भांडले हो. रागावू नका. छापील पान सोबत पाठवतेय.

तुमची,
चिमणी

२० मार्च

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वेडे, रागावतोय कशाला? शर्यती घोड्यांनी जिंकल्या, मी कुठं धावलो? गादी मात्र माझी होती. पान घेऊन तडक म्हातारीकडे गेलो आणि तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचता वाचता मला रडू फुटलं आणि मामीला हसू. ती तशीच चौकट आणायला बाजारात पळाली.

आता एक काम कर. चौकट आली तरी मामीला चार दिवस थोपवतो, तोवर पानाची दुसरी प्रत धाड. आनंदाच्या भरात पहिली मी फाडून म्हातारीखाली घातली.

आहे तो लोभ वाढव, आणि मामीला कळवू नकोस.

तुझा,
मामा