दोन कुलपांची पेटी

ता. ९ जुलै

प्रिय छोट्या,

आशीर्वाद. तू माझ्यावर रागावलेला असलास तरी तेवढे घेऊन ठेव, ते काही परत करता येत नाहीत. आम्ही इकडे ठीक आहोत. आम्ही म्हणजे मी आणि माझी मांजर.

फोन उचलत नाहीस म्हणून कागदावर लिहिते आहे. आईचे गुडघे कसे आहेत? चिमणीचा हलणारा दात पडला का? त्या दिवशी कचेरीत सगळ्यांसमोर तू मला "साहेबांची चमची" म्हणालास, ते मी मनातून काढून टाकलं आहे. म्हणजे काढते आहे. अध्यक्षांची गाडी चालवतोस, तेव्हा त्यांची बाजू तू घेणारच. पण मी कोणाचीच बाजू घेतलेली नव्हती रे.

नगरपालिकेच्या नावाने आलेलं टपाल आधी कोणी फोडायचं, एवढासा तो वाद. अध्यक्ष म्हणतात, लोकांनी मला निवडून दिलंय, मी फोडणार. मुख्याधिकारी साहेब म्हणतात, कारभार माझ्या सहीने चालतो, मी फोडणार. एकदा दोघांनी एकच लिफाफा दोन बाजूंनी ओढला आणि आतली नोटीस उभी फाटली. मी आवक-जावकला बसते, म्हणून तुकडे चिकटवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

शेवटी तंटा मिटवला तो मीच. सभेत म्हणाले, पेटीला दोन कुलपं लावा, एक किल्ली यांच्याकडे, एक त्यांच्याकडे, आणि दोघं समोर असतील तेव्हाच उघडा. टाळ्या पडल्या, ठराव झाला. पत्र्याची पेटी आली, वर टपाल टाकायला फट, पुढे दोन कुलपं. मला इतका अभिमान वाटला की काय सांगू!

तेव्हापासून ती पेटी एकदाही उघडलेली नाही. अध्यक्ष आले की साहेब पाहणीला जातात, साहेब आले की अध्यक्षांना कार्यक्रम निघतो. आत आपल्याविरुद्धची तक्रार असणार आणि ती दुसऱ्याच्या देखत निघणार, ही दोघांनाही धास्ती. मी सही करून टपाल घेते आणि फटीतून आत सारते. आता तर पट्टीने दाबावं लागतं. पोस्टमन म्हणतो, "ताई, तुमच्या पेटीला आता ढेकर येईल." मी हसते, पण हसू फार टिकत नाही.

असो. लिहायचं होतं ते असं, की आईला आणि चिमणीला थोडे दिवस माझ्याकडे पाठव. हवापालट होईल. खरं तर तू आणि तुझी बायकोही या. जागा लहान आहे, पण मन मोठं केलं की मावतो आपण. आणि हो, मागच्या टाकीचं पाणी तुमच्या अंगणात अजून ठिबकतं का? मागे आले होते तेव्हा वाळत घातलेल्या कपड्यांवर गिलाव्याचे पापुद्रे पडले होते. आठवलं म्हणून सहज विचारलं.

उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल, पण आईची पिशवी भर.

तुझी ताई


ता. १७ जुलै

छोट्या,

कोणीच आलं नाही. काल मी स्वतः तुझ्या घरी जाऊन आले. तू गाडीवर होतास. तुझी बायको मान खाली घालून म्हणाली, "ताई, हे म्हणतात की हा सगळा साहेबांचा डाव आहे." आई म्हणाली, "छोट्या निघ म्हणाला की निघते." म्हणजे पत्र तू वाचलंस. मग आता आडपडदा न ठेवता लिहिते.

तुमच्या घरामागची पाण्याची टाकी पडणार आहे. कधी, ते कोणालाच सांगता येत नाही.

उन्हाळ्यात अभियांत्रिकी कॉलेजची माणसं खांबांना भोकं पाडून काँक्रीट तपासायला घेऊन गेली, आठवतं? तूच त्यांना पाणी दिलं होतंस. त्यांचा अहवाल आला, लिफाफ्यावर लाल शाईत "तातडीचे" लिहिलेला. मी सही केली आणि पेटीत टाकला. मग तिथल्या प्राध्यापकांचा फोन आला, "टाकी रिकामी केलीत ना? खालची घरं हलवलीत ना?" मी म्हणाले, अहवाल अजून पेटीतच आहे. त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग म्हणाले, "बाई, ती अजून उभी कशी, हेच आम्हाला कळत नाही."

साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "निम्म्या गावाचं पाणी तोंडी निरोपावर तोडू? लेखी दाखवा." अध्यक्षांना सांगितलं, तर म्हणाले, "पेटी उघडायला लावायची युक्ती आहे ही." प्राध्यापकांकडे दुसरी प्रत मागितली. ती टपालानेच आली रे. माझ्या टेबलाच्या एका बाजूला अध्यक्षांचा माणूस, दुसऱ्या बाजूला साहेबांचा शिपाई, दोघांची नजर माझ्या हातावर. ठरावाप्रमाणे मी तीही पेटीत टाकली. फोडता आली असती. पण नियम मीच सुचवलेला होता, आणि नोकरी जाईल या भीतीने माझा हात उचललाच गेला नाही. आईच्या तोंडाकडे काल मला बघवत नव्हतं ते त्यामुळे.

मग पेटीच फोडते म्हणाले. तर एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या त्या दोघांनी मिळून आदेश काढला, पेटीला हात लावणारा निलंबित. खाली दोघांच्या सह्या, शेजारी शेजारी! पेटीशी दोन पहारेकरी बसवलेत, एक यांचा, एक त्यांचा. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसरे म्हणजे तुम्ही, टाकीखाली झोपणारे.

काल तुमच्या गल्लीत दारोदार सांगितलं. शिवणकाम करणाऱ्या बाई हसल्या. म्हणाल्या, "अहो, तसं असतं तर अध्यक्षांचा ड्रायव्हर इथे राहिला असता का? तो हलला की आम्हीही हलू." सगळ्यांचं हेच. अख्खी गल्ली तुझ्या दाराकडे बघून निर्धास्त बसली आहे, छोट्या. माझ्या शब्दाला तिथे किंमत नाही, तुझ्या शब्दाला आहे.

हे पत्र पोस्टमनच्या हातात देते आहे, जेवायला घरी आलास की मिळेल. संध्याकाळी मी येते. तू सामान बाहेर काढत असशील तर मी दुसरं टोक धरीन, आणि आपल्या मागून गल्ली निघेल. नसशील, तर आईच्या शेजारी अंथरूण घालीन आणि टाकी रिकामी होईपर्यंत उठणार नाही. डाव टाकणारं माणूस स्वतः पडणाऱ्या टाकीखाली जाऊन झोपत नाही, एवढं तरी तुला पटेल. मला भीती वाटते आहे. तरी येते.

आजपासून तुझ्याच छपराखाली,
ताई