खाटांच्या वाटाघाटी

१४ नोव्हेंबर १९४९
अखेर माझ्या योग्यतेचं काम आलं. निर्वासितांच्या कॅम्पात आमच्या शेजारच्या बराकीतल्या ईश्वरीबाईंच्या मुलीचं रविवारी लग्न, अंबरनाथला. पाहुण्यांसाठी बराकीतल्या, मिलिटरीच्या काळातल्या लोखंडी खाटा लग्नाच्या भांड्यांसकट गावातल्या चांगोच्या बैलगाडीतून निघाल्या आणि मिलिटरीच्या नाक्यावर अडवल्या. मिलिटरी म्हणते, खाटा आमच्या, रस्ताही आमचा. कॅम्प ऑफिसर म्हणतो, बराकीत सापडलं ते निर्वासितांचं, रस्ता कॅम्पचा. खाटा, भांडी, गाडी, बैल, सगळं जप्त.
प्रश्न जवळजवळ आंतरराष्ट्रीय आहे. रेशनिंग क्लार्क म्हणून मला दोन्हीकडे वजन आहे. मध्यस्थी मीच करणार.

१५ नोव्हेंबर
कोट घालून नाक्यावर. कॅप्टनने बराच वेळ ताटकळत ठेवलं. तयारी करत असावा. म्हणाला, "बैल घेऊन जा, त्यांच्याशी आमचं भांडण नाही." साफ नकार दिला. बैल घेतले म्हणजे जप्ती कबूल केल्यासारखं.
बाहेर चांगो. "सायेब, भात खळ्यावर आणायचाय. बैल तरी सोडवा." त्याला तत्त्व समजावलं. पटलं असावं. मान खाली घालून गेला.

१६ नोव्हेंबर
रजा. इंग्रजीत निवेदन लिहिलं. 'ज्युरिस्डिक्शन' सात वेळा आलं.
बायको, बकुळा, म्हणाली, "पोरीचं लग्न आहे एवढंच सांगा की. माणसंच आहेत ती." बायकांना राजकारण कळत नाही.

१७ नोव्हेंबर
निवेदन दोन्हीकडे दिलं. मागणी एकच: कॅम्पातलं काय मिलिटरीचं आणि काय कॅम्पचं, याचा कायमचा निकाल लावा. कॅम्प ऑफिसर कुरकुरला, "झाकलेलं कशाला उघडता?" दूरदृष्टी नाही. शेवटी तयार झाला. सोमवारी बैठक!

१८ नोव्हेंबर
ईश्वरीबाई आल्या. "बाबूजी, खटिया जाने दो. बर्तन तो दिलवा दो." म्हटलं, सोमवारपर्यंत धीर धरा. रडल्या. एरवी येताना पापड आणतात, आज आणले नाहीत.
दुपारी चांगोची बायको नवसी नाक्यावर जाऊन बैल घेऊन आली. कॅप्टनने दिले म्हणे, नुसतं मागितल्यावर. येताना भांडीही मागून आणली. माझी बाजू लंगडी केली.

२० नोव्हेंबर
लग्न झालं. पाहुणे सतरंजीवर झोपणार म्हणे. मी गेलो नाही, उद्याची तयारी होती. आमंत्रण बहुधा घाईत राहिलं असेल.

२१ नोव्हेंबर
संपूर्ण यश! दोन्ही पक्षांचं एकमत. रस्ता कॅम्पचा, खाटा मिलिटरीच्या. गाडीतल्याच नव्हेत, झाडून सगळ्या बराकींतल्या. कॅप्टनने उठून माझा हात हातात घेतला. म्हणाला, "तुमचं निवेदन आलं नसतं तर आमच्या ध्यानातही आलं नसतं."

२२ नोव्हेंबर
सकाळपासून ट्रक फिरतोय. आमच्याच ओळीपासून सुरुवात. लोक पोराबाळांसकट दारात उभे. ईश्वरीबाईंनी मला पाहून दार लावून घेतलं.
बकुळाने गाद्या खाली ओढल्या. शिपाई आमची खाट उचलून निघाले, तर तिचा पाय दाराच्या चौकटीत अडकला. निघेना.
शेवटी मीच सोडवून दिला.