दिवसाची झोप

सरावली, सोमवार

आईंना उषाचा नमस्कार,

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "पोरं किती शहाणी झाली गं, आवाजसुद्धा येत नाही." मी नुसतं हो म्हणाले. खरं सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून लिहितेय. पाठवणार नाही.

यांची रात्रपाळी असली की दिवसभर आमच्या एका खोलीत यांची झोप. सुजित आणि जयूला मी चापट्या मारून कुजबुजत खेळायला शिकवलं होतं. त्या दिवशी मात्र दोघं चेंडूवरून भांडली आणि यांची झोप मोडली ती मोडलीच. संध्याकाळी डोळे चोळतच कामावर गेले. पहाटे कंपनीतून निरोप आला, यांनी भलताच व्हॉल्व्ह उघडला आणि अंगावर ॲसिड आलं.

तेराव्यानंतर तुम्ही गावी गेलात. त्याच दिवशी मी रागात पोरांना म्हणाले, "तुमच्या आवाजाने गेले पप्पा."

तेव्हापासून दोघं ओठसुद्धा हलवत नाहीत. आज मी त्यांच्यासमोर परात बडवली. म्हटलं, "ओरडा रे, हवं तेवढं ओरडा!"

जयूने दोन्ही हातांनी परात दाबून धरली. हळूच म्हणाला, "मम्मी, आम्ही इतके दिवस आवाज नाय केला. आता तरी पप्पांना बोलव ना."

तुमची सून,
उषा