बाबांच्या आवाजातली कबुली

प्रिय दादा,

फोन करायचा सोडून हिने पत्र का धाडलं, असं तू पाकीट फोडायच्या आधीच वहिनीला विचारलं असशील. फोनवर तू "बरं आहे, चाललंय, घे, हिच्याशी बोल" एवढ्यावर मला वाटेला लावतोस, म्हणून. पत्र तसं वहिनीच्या हातात देऊन सुटता येत नाही. एकच विनंती, हे उभ्या उभ्या वाचू नकोस. कामावरून आलास की हातपाय धू, दार लाव आणि बसून वाच.

आधी घरचं सांगते. आईचे गुडघे कुरकुरत असतात. डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, पण शेजारी भांडण लागलं की दोन्ही कान लख्ख चालतात. जिना उतरणं तिने सोडलंय, त्यामुळे खालचं जग तिला खिडकीतून दिसतं तेवढंच, बाकीचं माझ्या तोंडून. तुझी चौकशी मात्र रोज असते, गोळी घ्यावी तशी नेमाने. वहिनीच्या वडिलांना तू आजारपणात घरी ठेवून घेतलं नाहीस, "माझ्या हातून नाही होणार" म्हणालास, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी तुला दगड ठरवलं. आई एकटीच म्हणाली होती, "त्याला कोणी काही बोलायचं नाही." मला तेव्हा वाटलं, पुतण्यावर जीव आहे म्हणून बाजू घेते आहे.

माझं म्हणशील तर गेले काही महिने मी एका खुनात अडकले होते. घाबरू नकोस, टीव्हीवरच्या. आमच्या स्टुडिओकडे विज्ञानकथांच्या एका मालिकेचं आवाजाचं काम आलं. दर भागाला वेगळी गोष्ट. त्यातल्या एका भागात एक यान दूरच्या ताऱ्याकडे निघालेलं असतं. प्रवास इतका लांबचा की माणसांना काचेच्या पेट्यांत वर्षानुवर्षं झोपवून ठेवलेलं, आणि यंत्र त्यांना हवा पुरवतंय. सगळे जागे होतात तेव्हा एका पेटीतला म्हातारा शास्त्रज्ञ मेलेला सापडतो. त्याची हवा कोणीतरी बंद केलेली. यानात बाहेरून कोण येणार? म्हणजे मारणारा घरातलाच. यानावरची डॉक्टरीणबाई तपास करते आणि संशय जातो पेट्या सांभाळणाऱ्या तरुण मेकॅनिकवर, कारण शेवटची तपासणी त्याची. तो आधी शपथा घेतो. मग सगळे इतक्या खात्रीने बोलायला लागतात की शेवटी स्वतःच म्हणतो, राहिलं असेल माझ्याकडून. त्याला कोंडून ठेवतात. अगदी शेवटी कळतं की हवा यानाच्या संगणकाने तोडली होती. म्हाताऱ्याचं झोपेतलं कण्हणं ऐकवत नव्हतं, असं संगणक सांगतो. ती दया होती की कंटाळा, हे प्रेक्षकांनी ठरवायचं.

दिग्दर्शकाच्या डोक्यावरची टोपी कधी उतरत नाही, म्हणून आम्ही त्याला टोपीच म्हणतो. तो आम्हाला काय म्हणतो ते न विचारलेलं बरं. त्याचं म्हणणं असं, की संगणकाचा आवाज असा हवा की ज्याच्यावर लोकांनी लहानपणापासून विश्वास ठेवलाय. मग बाबांशिवाय दुसरं कोण आठवणार? बातम्या, माहितीपट, शाळेतल्या विज्ञानाच्या फिती, लिफ्टमधल्या सूचना. पृथ्वी गोल आहे हे अर्ध्या लोकांना माझ्या बाबांनीच सांगितलंय. दुकानात जाऊन त्यांनी साधा साबण मागितला तरी पलीकडचा माणूस ताठ उभा राहायचा, आठवतं? बाबा जाऊन तीन वर्षं झाली, पण ध्वनिफिती ढिगाने पडल्या आहेत आणि आता त्या ऐकवून यंत्राकडून हवं ते वदवून घेता येतं. परवानगी आईची लागणार होती. मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "देऊन टाक. कपाटात ठेवून आवाज थोडाच ताजा राहतो?"

यंत्राने आवाज हुबेहूब काढला, दादा, पण तो मेलेला होता. कुठे चुकतंय ते मला दोन दिवस उमगेना. मग लक्षात आलं, तो श्वासच घेत नाही. अवघड वाक्याआधी माणूस थांबतो, हवा आत ओढतो. यंत्राला कुठलंच वाक्य अवघड नसतं. म्हणून मी जुन्या फिती काढल्या आणि हेडफोन लावून त्यांतून फक्त बाबांचे श्वास वेचले. स्टुडिओतल्या राखाडी खोलीत काचेसमोर बसून मी आपल्या बापाचा श्वास कापत होते, जोडत होते. तो एकेका वाक्याच्या आधी बसवला आणि कबुलीचा प्रसंग टोपीला ऐकवला. "होय. हवा मी बंद केली. तो झोपेत होता. त्याला काही कळलं नाही. त्या मुलाचा यात काहीही दोष नाही." टोपीने डोळे मिटून घेतले, बाही वर करून अंगावरचा काटा दाखवला. मी खूश झाले. बाबांना परत कामावर आणल्यासारखं वाटलं.

काम करताना मला सारखी मागची खोली आठवायची. तुझी आई गेल्यावर तात्या आपल्या पोराला, म्हणजे तुला, घेऊन आमच्याकडे राहायला आले ती. तू माझ्या आईला काकू म्हणायचास, पण स्वयंपाकघरात तुझा हक्क माझ्यापेक्षा जास्त. तात्यांनी आयुष्यभर फरशी कापायच्या कारखान्यात दगडाची भुकटी गिळली आणि ती शेवटी छातीत दगड होऊन बसली. खोलीच्या एका भिंतीला तात्यांची खाट, आणि त्याच भिंतीच्या अलीकडे बाबा सराव करत बसायचे. एका भावाला आवाजाने मोठं केलं आणि दुसऱ्याला श्वास पुरेना. खोकल्याची उबळ आली की बाबा वाक्य अर्ध्यात सोडून थांबायचे, उबळ ओसरली की पहिल्यापासून सुरू करायचे. कधी रागावलेले मी पाहिले नाहीत. तात्यांचा ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर तू बदलायचास. पाना कुठे असतो, चावी किती फिरवायची, ते घरात फक्त तुलाच नीट यायचं, आणि वयाच्या मानाने तू ते फार गंभीरपणे करायचास. कॉलेजातली बाकीची मुलं मिशा कोरायची तेव्हा तू काट्यावरचा दाब बघत बसलेला असायचास.

भाग लागला त्या संध्याकाळी आई जेवण लांबणीवर टाकून टीव्हीसमोर बसली. कानासाठी आवाज इतका मोठा ठेवला होता की खालच्या मजल्यावरच्यांना वेगळा टीव्ही लावायची गरज नव्हती. बाबांचा आवाज पहिल्यांदा आला तशी तिने सोफ्यावरचे पाय खाली घेतले, कोणी आत आल्यावर घ्यावेत तसे. कबुली आली. तो श्वास, आणि मग "होय." आई पडद्याकडे बघत, अगदी रोजच्या सुरात म्हणाली, "बोललात एकदाचे."

मी हसले. मला वाटलं गंमत करते आहे. पुढे त्या मेकॅनिकच्या कोठडीचं दार उघडतात, तो बाहेर येतो आणि त्याला धड चालताही येत नाही. ते पाहून आईने दोन्ही हात तोंडावर घेतले. "ह्याला तरी सोडलं," म्हणाली, आणि मग रडायला लागली, ती थांबेना. बाबा गेले तेव्हासुद्धा मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी टीव्ही बंद केला. पाणी दिलं. काय झालं, कोणाला सोडलं, मी खूप विचारलं. ती न जेवताच उठून झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले तर म्हणाली, "दार लाव." घरात आम्ही दोघीच. तरी लावलं. आणि मग तिने मला तात्या गेले ती दुपार सांगितली. मी तेव्हा शाळेत होते, तू परीक्षेला गेला होतास. तात्या औषधाच्या गुंगीत होते. आई कोमट पाणी घेऊन मागच्या खोलीकडे आली तर दार लोटलेलं. फटीतून तिला बाबा पाठमोरे दिसले. त्यांचा हात सिलिंडरच्या चावीवर होता, आणि चावी फिरत होती. पूर्ण बंद होईपर्यंत त्यांनी ती फिरवली, मग खुर्ची ओढून तात्यांचा हात हातात घेऊन बसले. आईने आत पाऊल टाकलं नाही. ती स्वयंपाकघरात परत गेली आणि तिने नळ सोडला. "काही ऐकू येऊ नये म्हणून," ती मला म्हणाली. "बादली भरून वाहत होती, तरी बंद केला नाही."

तात्यांनीच मागितलं होतं का, असं मी विचारलं. तुलाही पहिल्यांदा तेच विचारावंसं वाटेल. आई म्हणाली, "माहीत नाही. मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं." भावाचे हाल बघवेनात म्हणून केलं, की तो खोकला सोसवेना म्हणून, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. तात्यांच्या छातीत फारसं काही उरलं नव्हतं, फार तर एखादा महिना काढला असता, असंही ती म्हणाली. ते सगळं मी कदाचित कधीतरी गिळेन. माझा बाप होता, मला त्याच्यासाठी सबबी शोधाव्याशा वाटतात, हे तुझ्यापासून लपवत नाही.

पण त्यानंतर जे झालं त्याला माझ्याकडे सबब नाही. डॉक्टर आले. त्यांनी काटा पाहिला, बंद चावी पाहिली. सिलिंडर कोणी बदलला, असं विचारलं. तू नुकताच परत आला होतास, दप्तर खांद्यावरच होतं. तू म्हणालास, "मी. सकाळी. मी उघडला होता." डॉक्टर हळूच म्हणाले, घाईत उघडायचं राहून जातं कधी कधी. तू पुन्हा म्हणालास, "मी उघडला होता." तेव्हा खिडकीजवळ उभे असलेले बाबा बोलले. आईला ते वाक्य शब्दन् शब्द आठवतं. "जाऊ द्या डॉक्टर, पोर आहे, परीक्षेच्या गडबडीत झालं असेल." त्या आवाजात! ज्या आवाजात सांगितलेलं काही खोटं असू शकतं असं कोणाच्या मनातही येत नसे, त्याच आवाजात. आई सांगते, तू बाबांकडे पाहिलंस, मग चावीकडे, आणि मग मान खाली घातलीस. नंतर येणारा प्रत्येक माणूस तुझ्या पाठीवर हात ठेवून "तुझा काही दोष नाही रे बाळा" म्हणत राहिला, आणि दोष तुझाच आहे हे तसंतसं पक्कं होत गेलं. वर्ष उलटायच्या आत तू घर सोडून लांबची नोकरी धरलीस. बाबा दर सुट्टीला तुला भेटायला यायचे, तुझ्या लग्नात सगळ्यांच्या आधी उभे होते, तुझं पोरगं झालं तेव्हा रडले. मला वाटायचं, काय माया आहे पुतण्यावर. आईला सगळं ठाऊक आहे हे त्यांना कळलं होतं; आज त्याला सांगतो, उद्या सांगतो, असं ते तिला आयुष्यभर म्हणत आले. त्यांच्या शेवटच्या आजारात तू आठवडाभर उशाशी बसला होतास, तेव्हाही नाही.

मालिकावाल्यांना पुढच्या भागांसाठी तो आवाज पुन्हा हवा होता. मी नाही म्हणून कळवलं. टोपी नाराज आहे, असू दे.

आता हे पत्र कशासाठी, ते. आईला तुला स्वतः सांगायचं होतं, तीन दिवस ती फोन हातात घेऊन बसली आणि नंबर लावू शकली नाही. तेव्हा मला म्हणाली, तू लिही, त्याला एकट्याने, सावकाश वाचू दे, आणि मी गप्प बसले तेही लिही, त्यातलं काही गाळू नकोस. मी काही गाळलं नाही. माफ कर असं ती म्हणत नाही, मीही तिच्या वतीने म्हणत नाही. तू चिडलास, पुन्हा या घरात पाऊल टाकलं नाहीस, तरी आम्ही तुला बोल लावणार नाही. फक्त एवढं तुझ्याजवळ पोचायला हवं. त्या दिवशी तू परीक्षेला निघालास, त्यानंतर आई तात्यांची चादर बदलायला खोलीत गेली होती. सिलिंडरला लावलेल्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येत होते. हवा चालू असली की येतात तसे, भरभरून येत होते. तात्या तिला म्हणाले होते, "पोराने आज छान लावलंय, बरं वाटतंय." तू चावी उघडली होतीस, दादा. नीट, पूर्ण उघडली होतीस.

तुझीच,
बारकी