कॉलेजला जाणारी बाराची बस

प्रिय अनाही,

बस कॉलेजच्या मागे लावून बसले आहे. शाळेतून आणलेली बाराच्या खेपेची तेरा पोरं आत कॉलेजच्या वर्गात गेली, आता सव्वा तासाने बाहेर येतील. एरवी या वेळात मी डबा खाते आणि जांभया देते. आज गाडी तपासणीचे पाठकोरे कागद घेऊन तुला लिहायला बसले, कारण रविवारपासून तू माझ्याशी बोलत नाहीस, आणि घरात मी तोंड उघडलं की माझा आवाज चढतो. कागदावर तरी तो चढणार नाही.

चौदावी तू. तीन आठवडे झाले, मंगळवारी नाहीस, गुरुवारी नाहीस. "मी आता कायलाच्या गाडीतून जाते," असं तू मला सांगितलंस. अगं, कायलाची गाडी दोन्ही दिवस शाळेच्या आवारात उन्हात तापत उभी असते. मी तिच्याच शेजारून बस वळवते. पहिल्या आठवड्यात मागच्या बाकावरची पोरं खिदळली, "अनाही आता मोठी झाली, आपल्या पिवळ्या डब्यात कशाला बसेल?" मीही हसले. दुसऱ्या आठवड्यात कुणी काही बोललं नाही. गेल्या गुरुवारी ब्रिसेदा उतरताना माझ्या सीटपाशी रेंगाळली. "मिस, चहाडी नाही हं ही," म्हणाली, "पण सर हजेरीला अजून तिचं नाव घेतात. घेतात आणि जरा थांबतात."

तेव्हा मी बसची किल्ली खिशात टाकली आणि तशीच गणवेशात कॉलेजच्या ऑफिसात गेले. खिडकीमागच्या बाईंना तुझं नाव सांगितलं. त्या गोड हसल्या. "ती आमच्या कॉलेजची विद्यार्थिनी आहे. तिच्या लेखी परवानगीशिवाय मला काही सांगता येणार नाही." मी म्हटलं, "बाई, ती सोळा वर्षांची आहे. परवा तिची दाढ काढली तेव्हा सही माझी होती." "दाढेला तुमचीच लागणार," त्या म्हणाल्या, "इथे ती मोठी आहे." मला इतका राग आला! बसमध्ये येऊन बसले तेव्हा कळलं, रागात थोडा अभिमानही होता. निघताना त्यांनी विषय सोडण्याचा एक कोरा फॉर्म मात्र माझ्या हातात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "शेवटची तारीख शुक्रवार. नुसतं येणं बंद केलं म्हणजे विषय सुटला, असं पोरांना वाटतं. तो सुटत नाही."

म्हणजे काय ते तुला माहीत आहे की नाही, मला ठाऊक नाही, म्हणून लिहिते. शुक्रवारी चारच्या आत सही केलेला फॉर्म दिलास, तर तुझ्या नावापुढे 'विषय सोडला' एवढंच लागेल. नाही दिलास आणि वर्गातही गेली नाहीस, तर नापास लागेल. शाळेतलं नापास उन्हाळ्यात भरून काढता येतं. हे कॉलेजचं आहे. तू पुढे कुठेही गेलीस, कितीही वर्षांनी गेलीस, तरी ते तुझ्या आधी तिथे जाऊन बसलेलं असेल.

तुझ्या टेबलावरचा निबंध मी पाहिला. अठ्ठावन्न गुण आणि समासभर लाल शाई. दप्तर उचकलं नाही, धुतलेले कपडे ठेवायला आले होते. शाळेत तुला कधी नव्वदच्या खाली मिळाले नाहीत. तो कागद तू उलटा करून ठेवला होतास आणि वर कंपासपेटी ठेवली होतीस. तेव्हाच तुझ्याजवळ बसायला हवं होतं. मी कपडे ठेवून निघून गेले.

आणि मग रविवार. आजीच्या अंगणात सगळे जेवायला बसलेले, नाचोमामा तोंडात मांसाचा घास घेऊन सगळ्यांना ऐकवत होता, "आमची पोरगी शाळेचा दाखला घ्यायच्या आधी अर्धं कॉलेज गिळून बसणार! एकच वर्ग, शाळेतही मोजतात आणि कॉलेजातही. आमच्या वेळी एकातही मोजत नव्हते!" सगळे हसले. तू टोर्टिया खाली ठेवलीस. मी तेव्हा गप्प बसायचं, तर विचारलं, "मग, गुरुवारचा वर्ग कसा झाला?" सगळ्यांसमोर. मला उत्तर माहीत असताना. ते वाईट केलं मी, अनाही. तू "छान" म्हणालीस, मी म्हटलं, "ती बस मी चालवते हं." तुझा चेहरा लाल झाला. "हो ना, बसच चालवतेस. कॉलेजातलं तुला काय कळतं? तू गेली होतीस का कधी?" आजी तुला ओरडली. मी म्हटलं, "नाही."

हा वर्ग आमच्या वेळीही होता. तेव्हा बस नव्हती. शाळेच्या ग्रंथालयात टीव्ही ठेवलेला असायचा आणि कॉलेजमधले प्रोफेसर त्यात दिसायचे. आम्ही सहा जण होतो. पहिला निबंध होता, माहितीच्या एका जागेवर लिहा. मी आजी काम करायची त्या संत्र्यांच्या वखारीवर लिहिलं, पण आपली भाषा साधी वाटेल म्हणून विश्वकोशातून भारदस्त वाक्यं उचलली. निबंध परत आला तेव्हा शेवटी लिहिलं होतं, "यात तुम्ही कुठे आहात? येऊन भेटा." मला वाटलं, चोरी पकडली. भेटायला गेले नाही. पुढच्या तासालाही नाही. शाळेत दोन दिवस बुडाले की घरी फोन यायचा. या वर्गासाठी कुणाचाच आला नाही. मला वाटलं, ते मला विसरले, प्रकरण मिटलं.

तू चार वर्षांची असताना मी नर्सिंगसाठी अर्ज भरायला इथेच आले होते, नवा ब्लाउज घालून. खिडकीतल्या माणसाने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. "तुम्ही आधी आला होतात की." मी म्हटलं, कधीच नाही. त्यावर माझं लग्नाआधीचं नाव होतं, एक विषय होता, आणि पुढे नापास. दहा वर्षांहून जुने गुण बाजूला ठेवता येतात, त्यासाठी दुसऱ्या टेबलावर जाऊन बोला, असंही तो म्हणाला. बोलायला गेले असते तर काय झालं होतं ते तोंडाने सांगावं लागलं असतं. मी गाडीत येऊन बसले. घरी तुझ्या बाबांना आणि आजीला सांगितलं, जागा भरल्या होत्या. आजी अजून त्या कॉलेजला शिव्या देते.

म्हणून हे पत्र. रविवारचं माझं "नाही" खोटं होतं, आणि ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं होतं. फॉर्म याच पाकिटात आहे. त्यावर पालकाच्या सहीला जागाच नाही, मी दोन्ही बाजू बघितल्या. तू वर्गात परत जा असं मी म्हणणार नाही. गेलीस तर ते अठ्ठावन्न घेऊन आधी सरांना भेट. ते रागावले तर रागावतील, तुझं नाव घेऊन थांबणारा माणूस फार रागावेल असं मला वाटत नाही. नाही गेलीस तर शुक्रवारी सही करून दे, मी तुला नेईन, वाटेत एक शब्द बोलणार नाही. दोन्हीतलं काहीही कर. पण निघायचं असेल तर कुणाला तरी सांगून नीघ, बाळा. मी न सांगता निघाले, आणि ते सांगायला मला सत्तावीस वर्षं लागली.

तुझीच,
आई