नाक्यावरचा फ्लेक्स

मोहने,
१ डिसेंबर २०२५

चि. संचितास, आजीचा पोटभर आशीर्वाद.

कॉलेजच्या कॅम्पात तुमचे फोन काढून घेतात, म्हणून लिहायला बसले. अक्षराला हसू नकोस, माझी शाळा चौथीतच सुटली. इथे सगळं बरं. पाणी येतंय, गच्चीत पापड घालायचेत. हां, मुद्दा राहिलाच. नाक्यावर तुझा फ्लेक्स लागला बाळा. कबड्डीच्या कपड्यांत तू, आणि खाली मोठ्ठ्या अक्षरांत, विद्यापीठाच्या संघात निवड झाल्याबद्दल अभिनंदन. निवड रविवारच्या मॅचनंतर, एवढं कळतं मला. पण मंडळाचे भाऊ म्हणाले की पोरगी जाणारच, आत्ताच लावू, पुढच्या आठवड्यात साहेबांचा वाढदिवस, मग खांब मिळत नाही. मी पण हो म्हटलं. भाऊंचा फोटो तुझ्यापेक्षा मोठा आलाय, चालायचंच. येताजाता माणसं मला थांबवतात, मी तर बाजारात उगाच दोन फेऱ्या मारते. दिशा मॅडमना नमस्कार सांग. एवढ्या लहान वयात कोच झाली, पहिलीच टीम तिची, तिचं नाव राख.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी आजी, रखमाबाई

ठाणे,
४ डिसेंबर

ती. आजीस, शि. सा. न.

तुझं पत्र मिळालं. मुली आता मला फ्लेक्सवालीच म्हणतात.

आजी, कोणाला सांगू नकोस. मंगळवारी रेड मारताना माझा उजवा गुडघा फिरला. सुजलाय. वर नी-कॅप चढवते, त्यामुळे मॅडमना कळलेलं नाही. गुपचूप डॉक्टरकडे गेलेले. ते म्हणाले की आतलं लिगामेंट अर्धं फाटलंय, अजून एक झटका बसला तर खेळणं विसर. आज मॅडमना सांगायला निघालेले, तेवढ्यात तुझं पत्र हातात आलं. आता नाही कसं म्हणू? नाक्यावर उभी आहे ना मी. रविवारी खेळते. तू देवाजवळ दिवा लाव.

लोभ आहे, तो वाढव.
तुझी संचिता

मोहने,
६ डिसेंबर

चि. संचिता, अनेक आशीर्वाद, आणि आधी गुडघ्याला.

पत्र दोनदा वाचलं. मग विळा घेतला आणि नाक्यावर गेले. रिक्षावाल्यांच्या बाकावर चढून दोऱ्या कापल्या. भाऊ धावत आले, म्हणाले की मंडळाची इज्जत जाईल, लोक हसतील. मी सांगितलं की खुशाल माझं नाव सांगा, म्हातारीला घाई झाली म्हणावं.

मग कॉलेजात फोन लावून दिशा मॅडमला सगळं सांगितलं. तू नको म्हणालेलीस, ठाऊक आहे. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की आजी, माझाही गुडघा असाच लपवून खेळताना गेला, म्हणून तर सव्विसाव्या वर्षी शिट्टी वाजवतेय. उद्या तुला उतरवणार नाही म्हणाली. टीम हरली तर तिची नोकरी राहते की नाही, देव जाणे. तेवढी एक टोचणी लागलीय जिवाला.

हे पोचेल तेव्हा मॅच होऊन गेलेली असेल, आणि तू माझ्यावर फुगलेली असशील. फूग. फ्लेक्स गच्चीत अंथरलाय, त्यावर पापड घातलेत. तुझ्या तोंडावर एकही नाही ठेवला, भाऊंच्या तोंडावर गच्च भरलेत. भांडायला घरी ये. जिना सावकाश चढ, मी दार उघडं ठेवते.

राग ओसरला की लोभ असू दे.
आजी